सोनं खरं, म्हणून नाणं खरं?

पत्राचा सारांश: न्यू जर्सीत पंचवीसेक वर्षं राहणारे एक वाचक लिहितात. वय अठ्ठावन्न. मंडळात ओळख झालेल्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांकडून (मंडळात सगळे त्यांना काका म्हणतात) त्यांनी गेल्या दहा वर्षांत चौदा जुनी अमेरिकन सोन्याची नाणी विकत घेतली. बहुतेक वीस डॉलरची, म्हणजे ‘डबल ईगल’. दोन मात्र खास आहेत: १९०७ सालचं उंच उठावाचं वीस डॉलरचं नाणं आणि डेन्व्हर टांकसाळीचं १९११ सालचं अडीच डॉलरचं नाणं. या दोनांसाठी त्यांनी घसघशीत किंमत मोजली. एकाही नाण्याला प्रमाणपत्र नाही. “माझ्या हातून घेतलेल्या नाण्याला कागद कशाला?” असं काका म्हणायचे. ओक ट्री रोडवरच्या एका सराफानं यंत्रावर ठेवून सोनं नव्वद टक्के असल्याचं सांगितलं, वजनही बरोबर निघालं. आता मृत्युपत्राची कागदपत्रं करताना मुलगा म्हणतो, सगळी नाणी ग्रेडिंगला (म्हणजे अस्सल आहेत का आणि कोणत्या अवस्थेत आहेत हे तज्ज्ञांकडून ठरवून घ्यायला) पाठवा. पत्नी म्हणते, लेकीचं लग्न पुढच्या वर्षी आहे, नाणी मोडून पाटल्या करू. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत आणि आजारी आहेत. वाचक विचारतात: “तपासायला पाठवणं म्हणजे काकांवर अविश्वास दाखवणं नाही का? आणि खोटी निघाली तर पैसे आणि माणूस, दोन्ही जातील. झाकली मूठ बरी वाटते. काय करू?”

नमस्कार,

तुमच्या पत्रात एक वाक्य दोनदा आलं आहे: “सोनं तर खरं आहेच.” तुमच्या मनाचा सगळा धीर त्या वाक्यावर उभा आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दलच बोलते. सराफानं तुम्हाला खोटं सांगितलेलं नाही. पण त्यानं सराफाच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. धातू कोणता, कस किती, वजन किती. हे नाणं कुठल्या टांकसाळीत, कुठल्या ठशाखाली पडलं, हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता, आणि ते त्याचं कामही नाही.

आपल्या घरांत हा फरक सहसा लक्षात येत नाही, कारण आपल्याला तो कधी करावाच लागला नाही. पुतळ्यांच्या माळेतल्या पुतळ्यांचा मूळ नमुना व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्याचा, पण आजीच्या गळ्यातली पुतळी खरोखर व्हेनिसमध्ये पडली की इथल्याच सोनारानं घडवली, हे कुणी विचारत नाही. कस उतरला की विषय संपला. अमेरिकन नाण्यांच्या बाबतीत मात्र विषय तिथे सुरू होतो. या क्षेत्रातली सर्वांत फसवी बनावट नाणी पितळेची किंवा मुलामा दिलेली नसतात. ती उत्तम सोन्याची असतात, कसाला आणि वजनाला अगदी चोख.

खऱ्या सोन्याचं खोटं नाणं कोण कशाला करेल, असं तुम्हाला वाटेल. त्याचं उत्तर १९३३ सालात आहे. त्या वर्षीच्या ५ एप्रिलला अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आदेश काढला की नागरिकांनी आपल्याकडची सोन्याची नाणी, सोनं आणि सोन्याची प्रमाणपत्रं (सोन्याच्या बदल्यात चालणाऱ्या नोटा) १ मेच्या आत फेडरल रिझर्व्हकडे, म्हणजे मध्यवर्ती बँकेकडे, जमा करावीत. माणशी शंभर डॉलरपर्यंतच्या सोन्याला सूट होती, आणि दुर्मीळ म्हणून संग्राहकांमध्ये ज्यांना विशेष मोल आहे अशा नाण्यांनाही. पुढच्या जानेवारीत सोन्याचा सरकारी भाव औंसाला २०.६७ डॉलरवरून ३५ डॉलर झाला. सर्वसामान्य अमेरिकन माणसाला सोन्याची वीट घरात ठेवायला पुन्हा परवानगी मिळाली ती थेट ३१ डिसेंबर १९७४ ला. मधल्या चाळीस वर्षांत कायद्यानं सोनं बाळगायची वाट कुठली उरली? जुनी नाणी. साहजिकच त्यांना सोन्याच्या भावापेक्षा बरीच जास्त किंमत येऊ लागली. एका डबल ईगलमध्ये ०.९६७५ औंस शुद्ध सोनं असतं, म्हणजे त्या काळी चौतीस डॉलरचं. त्यावर गिऱ्हाईक जी वरकड देई तो बनावट नाणी पाडणाऱ्यांचा नफा. १९५० आणि ६०च्या दशकांत लेबनॉनमध्ये, मुख्यतः बैरूतमध्ये, ही नाणी मोठ्या प्रमाणावर पडली आणि अमेरिका-युरोपच्या बाजारात मिसळली. सोन्यात काटकसर करण्याची त्यांना गरजच नव्हती.

म्हणजे तुमच्या नाण्यांचं सोनं खरं निघालं, ही चांगली बातमी आहे, पण तिच्यानं काहीच ठरत नाही. तुमचं वीस डॉलरचं नाणं बनावट असेल तरी ते ३३.४३६ ग्रॅमच भरेल.

आता तुमच्या दोन खास नाण्यांकडे येते, कारण सगळा जीव त्यांच्यात अडकला आहे.

अडीच डॉलरचं १९११. हे नाणं ४.१८ ग्रॅमचं. रचना बेला लायन प्रॅट या शिल्पकाराची. तिच्यात चित्र वर उठलेलं नसून पृष्ठभागात खाली कोरल्यासारखं बसलेलं असतं, म्हणून बोट फिरवलं तर एरवीच्या नाण्यासारखं लागत नाही. १९११ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीनं अशी सात लाखांहून जास्त नाणी पाडली आणि डेन्व्हरनं फक्त ५५,६८०. दोन्हींत फरक एवढाच की डेन्व्हरच्या नाण्यावर मागच्या बाजूला एक बारीक ‘डी’ असतो. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षर नसतं. साध्या नाण्याला काही शे डॉलर येतात, ‘डी’वाल्याला काही हजार. मग लबाड माणूस काय करतो? अस्सल फिलाडेल्फियाचं नाणं घेतो आणि त्यावर एक ‘डी’ चिकटवतो किंवा उठवतो. सोनं खरं, वजन खरं, टांकसाळ खरी, ठसा खरा. खोटं काय, तर एक अक्षर. अशा नाण्यावर सराफाचं यंत्र लाख वेळा फिरवलं तरी ते काय सांगणार? आणखी एक पेच असा की अस्सल डेन्व्हरच्या नाण्यांवरही तो ‘डी’ पुष्कळदा इतका अंधुक असतो की भिंगाखालीही मुश्किलीनं दिसतो. त्यामुळे ‘अक्षर पुसट आहे म्हणजे खोटं’ असंही म्हणता येत नाही, आणि ‘छान ठसठशीत आहे म्हणजे खरं’ असं तर मुळीच नाही. (हाच ‘डी’ १८३८ ते १८६१ मधल्या नाण्यावर असेल तर ती टांकसाळ जॉर्जियातल्या डालोनेगाची. डेन्व्हरची टांकसाळ नाणी पाडू लागली ती १९०६ पासून. विकणाऱ्याच्या तोंडी या दोन टांकसाळींची गल्लत दिसली तर सावध व्हावं.)

१९०७चं उंच उठावाचं नाणं. याच्याबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण ते तुमच्याकडे असेल तर अमेरिकेच्या इतिहासातलं एक अतिशय देखणं नाणं तुमच्याकडे आहे. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना त्यांना आपल्या देशाची नाणी रुक्ष वाटायची. प्राचीन ग्रीक नाण्यांसारखा भरदार उठाव असलेलं नाणं करा, असा त्यांनी ऑगस्टस सेंट-गॉडन्स या शिल्पकाराकडे आग्रह धरला. टांकसाळीचे मुख्य कोरक्ये चार्ल्स बार्बर यांचा विरोध होता, आणि त्यात तथ्यही होतं: इतका उठाव यायला एकेका नाण्यावर दाबयंत्राचे अनेक ठोके द्यावे लागत. रोजच्या व्यवहाराची लाखो नाणी अशी पडणं शक्य नव्हतं. सेंट-गॉडन्स कर्करोगानं ऑगस्ट १९०७ मध्ये गेले. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत बारा हजारांच्या आसपास नाणी उंच उठावात पडली आणि मग उठाव सपाट करून नेहमीचं नाणं सुरू झालं. उंच उठावाच्या नाण्यावर साल रोमन आकड्यांत असतं, एमसीएमव्हीआयआय असं. मशाल घेऊन सूर्यकिरणांतून पुढे येणारी स्वातंत्र्यदेवता, मागे उडता गरुड. आज साध्या अवस्थेतलंही असं अस्सल नाणं दहा हजार डॉलरच्या वर जातं.

याच नाण्याचं एक बनावट रूप संग्राहकांत फार प्रसिद्ध आहे. करणारा कोण हे जगाला कळलं नाही, पण त्यानं आपली सही ठेवली: गरुडाच्या पंजात एक सूक्ष्म ग्रीक ओमेगा, म्हणजे घोड्याच्या नालासारखी खूण. काम इतकं सफाईदार की जाणकारही फसले. काही लोक तर हे बनावट नाणंच मुद्दाम जमवतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग वीस-पंचवीस डॉलरला मिळतं. ते घ्या आणि आज रात्रीच पंजा पाहा. ओमेगा दिसला तर उत्तर मिळालं. नाही दिसला तर मात्र ‘नाणं अस्सल’ असा निष्कर्ष काढू नका, कारण बनावट करणारा तो एकटाच नव्हता.

आता काकांबद्दल. तुमचं पत्र खरं तर नाण्यांपेक्षा त्यांच्याबद्दल आहे.

तुम्ही एक गोष्ट धरूनच चालला आहात, की नाणं खोटं निघालं तर काका खोटे ठरले. असं का? अमेरिकन नाणेसंग्राहक संघटनेनं नाणी तपासून दाखला देण्याची सेवा सुरू केली ती १९७२ मध्ये. आज ज्या दोन कंपन्यांच्या सीलबंद प्लास्टिकच्या डब्यांवर, म्हणजे ‘स्लॅब’वर, सगळा बाजार चालतो त्यांतली पीसीजीएस १९८६ची आणि एनजीसी १९८७ची. त्याआधीचा सगळा व्यवहार डोळ्यावर, अनुभवावर आणि शब्दावर चालायचा. ज्या पिढीनं तेव्हा नाणी जमवली त्या पिढीतल्या प्रामाणिक, अभ्यासू माणसांच्या पेट्यांतही बैरूतची नाणी सापडतात. त्यांना कुणी तरी विकली, त्यांनी विश्वासानं घेतली, विश्वासानं पुढे दिली. “माझ्या हातून घेतलेल्या नाण्याला कागद कशाला?” हे वाक्य लबाडाचंही असू शकतं, हे मी नाकारत नाही. पण जुन्या वळणाच्या माणसाचं ते तितकंच असू शकतं. तुम्ही त्यांना दहा वर्षं ओळखता. मी नाही.

आणि तपासणी नेहमी आरोपच सिद्ध करते असंही नाही. २०१८ मध्ये न्यू इंग्लंडमधल्या एका माणसानं पाच डॉलरचं सॅन फ्रान्सिस्कोचं १८५४ सालचं नाणं एनजीसीकडे पाठवलं. त्या वर्षी तिथे अशी फक्त २६८ नाणी पडली होती आणि जगात तीनच उरल्याचं माहीत होतं. डीलरांनी त्या माणसाला आधी सांगितलं होतं, हे खोटं असणार. तज्ज्ञांनी ते स्मिथसोनियन संग्रहालयातल्या नाण्याच्या छायाचित्रांशी ताडून पाहिलं आणि ते चौथं निघालं, अस्सल. संशय होता म्हणून ते नाणं पेटीत पडून राहिलं असतं, तर तो संशयच वारशानं पुढे गेला असता.

म्हणून काकांना न सांगता नाणी पाठवू नका. त्यांच्याकडे जा, आणि लवकर जा. खरं कारणच सांगा, ते पुरेसं सभ्य आहे: “काका, मृत्युपत्र करतोय. माझ्या मागे मुलांना यातलं काही कळणार नाही, म्हणून सगळी नाणी तपासून नोंदवून ठेवायची आहेत. तुम्ही ही कुठून, कधी घेतलीत ते मला लिहून घ्यायचं आहे.” आजारी माणसाला दुखावणारं यात काही नाही. उलट आयुष्यभर जमवलेल्या गोष्टीबद्दल कुणी वही घेऊन विचारायला आलं, याचा आनंद होणारी माणसंच मला जास्त भेटली आहेत. त्यांच्याकडे जुन्या पावत्या, लिलावाचे कॅटलॉग, नाणं ज्यात आलं ती छोटी कागदी पाकिटं असतील तर ती मागून घ्या. असं पाकीट कचरा वाटतं, पण नाण्याचा माग त्याच्यावरच्या दोन ओळींत असू शकतो. ही माहिती फक्त त्यांच्याजवळ आहे आणि त्यांची प्रकृती पाहता ती उद्यावर टाकण्यासारखी नाही. तुम्ही त्यांना दिलेल्या रकमांची तारखांसह एक यादीही दोघांच्या सहीनं करून ठेवा. विकताना करासाठी ती लागेलच: अमेरिकेत अशी नाणी ‘संग्राह्य वस्तू’ धरली जातात आणि वर्षभराहून जास्त ठेवून विकली तर नफ्यावर २८ टक्क्यांपर्यंत कर बसू शकतो. खरेदीची किंमत दाखवता आली नाही तर नफा फुगलेला दिसतो.

आणि एखादं खोटं निघालंच तर? माझं मत सांगते, पटलं तर घ्या. निकाल त्यांना सांगा, लपवू नका, पण पैसे मागत जाऊ नका. निकालाचा कागद समोर ठेवा आणि ते काय म्हणतात ते ऐका. ज्याला माहीत नव्हतं तो माणूस बहुधा स्वतःहून काही तरी म्हणतो. रक्कम तुम्हाला न पेलणारी असेल, किंवा त्यांच्या बोलण्यातून त्यांना माहीत होतं असं दिसलं, तर वकिलाला भेटा. अशा दाव्यांना मुदती असतात आणि गप्प बसण्यात त्या निघून जातात. झाकल्या मुठीचा तोटा हाच आहे. तुमच्या हयातीत ती झाकलेली राहील, पण उद्या ती मुलांना उघडावी लागेल, आणि तेव्हा विचारायला काकाही नसतील आणि तुम्हीही नसाल.

आता चौदाच्या चौदा नाणी पाठवायची का? मुलाचा आग्रह योग्य आहे, पण सरसकट नको. तुम्ही पाठवलेल्या यादीत १९०४ची तीन आणि १९२४ची चार वीस डॉलरची नाणी आहेत. फिलाडेल्फियाला १९०४ मध्ये डबल ईगल साठ लाखांहून जास्त पडले, १९२४ मध्ये त्रेचाळीस लाखांहून जास्त. त्यांतले ढीगच्या ढीग युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्यांत गेले, म्हणून १९३३च्या आदेशानंतर जमा झालेली नाणी सरकारनं वितळवली त्यातून वाचले आणि नंतर परत आले. ही नाणी शंभर वर्षं जुनी आहेत पण दुर्मीळ नाहीत. साधारण अवस्थेत त्यांना सोन्याच्या भावापेक्षा थोडंच जास्त मिळतं. त्यांच्यासाठी ग्रेडिंगची फी आणि टपालविमा भरण्याआधी एखाद्या जाणत्या नाणेविक्रेत्याला दाखवा. अपवादानं उत्तम अवस्थेतलं असेल तेच तो बाजूला काढेल. उलट १९२७च्या डेन्व्हरचं पाहा. पडली एक लाख ऐंशी हजार, पण जवळजवळ सगळी वितळली आणि आज हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच माहीत आहेत. किती पडली यावरून किती उरली हे कळत नाही, हे नव्यानं जमवणाऱ्या सगळ्यांनीच लक्षात ठेवावं. आणि कुणी वीस डॉलरचं १९३३चं नाणं देऊ केलं तर तिथून उठून यावं. ती ४,४५,५०० पडली, पण चलनात कधी आलीच नाहीत. खासगी हातात कायदेशीर असं एकच आहे आणि २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते १.८९ कोटी डॉलरला गेलं.

तुमची दोन खास नाणी मात्र आधी पाठवा. त्यापूर्वी एक गोष्ट कृपा करून करू नका: स्वच्छ करू नका. आपल्याकडे दागिना कुठे द्यायचा म्हटलं की आधी रिठ्याच्या पाण्यात घालून ब्रशनं घासायची सवय असते. नाण्यावर त्या ब्रशच्या हजारो बारीक रेघा उठतात. दिव्याखाली नाणं तिरकं धरलं की त्या दिसतात, आणि तज्ज्ञ अस्सल नाण्यालाही अवस्थेचा अंक न देता ‘घासलेलं’ असा शेरा मारून परत पाठवतात. किंमत तिथेच पडते. मळ असू द्या. नाणं कडेनं धरा, खाली मऊ कापड घ्या. मऊ, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पाकिटांत असतील तर काढा, त्या प्लास्टिकमधून सुटणारं हिरवट चिकट द्रव्य नाण्यावर बसतं.

भिंग आणलंच आहे तर बाकीच्या बारांवरूनही नजर फिरवा. बनावट ठसा पुष्कळदा एखाद्या अस्सल नाण्यावरूनच उतरवलेला असतो. मग त्या नाण्यावर पडलेले खळगेसुद्धा ठशात उतरतात आणि त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर त्याच जागी, त्याच आकाराचे दिसतात. वापरात पडलेला खळगा आतून चकचकीत, ताजा चेपलेला दिसतो. ठशातून आलेला खळगा आजूबाजूच्या पृष्ठभागासारखाच असतो. तुमच्या चार १९२४पैकी दोघांवर गरुडाच्या पंखावर हुबेहूब एकच खड्डा असेल तर दोन्ही बाजूला काढा. कडेलगतच्या दातेरी किनारीपासून आत आलेल्या काट्यांसारख्या उठावदार रेघा, अक्षरांच्या कडा गुबगुबीत आणि गोल झालेल्या, मोकळ्या जागी उगीच उठलेले फोड, ही इतर लक्षणं. सेंट-गॉडन्सच्या वीस डॉलरच्या नाण्याच्या जाडीवर ‘ई प्लुरिबस युनम’ ही अक्षरं उठावात असतात, त्याआधीच्या स्वातंत्र्यदेवतेच्या मुखाच्या नाण्याला मात्र उभ्या खाचा असतात. जाडीकडे लोक पाहतच नाहीत, तुम्ही पाहा. हे सगळं संशय घ्यायला उपयोगी आहे, निर्वाळा द्यायला नाही. निर्वाळा ज्यांनी हजारो नाणी पाहिली आहेत त्यांच्याकडूनच येऊ द्या.

पाठवताना प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो काढा, शतांश ग्रॅमपर्यंतचं वजन लिहून ठेवा. पोस्टाच्या रजिस्टर्ड मेलनं पाठवलं तर ५०,००० डॉलरपर्यंत विमा मिळतो. पाठवायचा धीर होत नसेल तर मोठ्या नाणेप्रदर्शनांत या कंपन्या प्रत्यक्ष नाणी स्वीकारतात. बाल्टिमोरला तशी प्रदर्शनं भरतात आणि न्यू जर्सीहून गाडीनं जाऊन येण्याजोगी आहेत. निकालात एक ते सत्तरच्या मापावर आकडा येईल. तो किती येतो यावर फार झुरू नका, तुमचा प्रश्न अस्सल की नाही एवढाच आहे. परत आल्यावर विम्याचंही पाहा: घराच्या नेहमीच्या विम्यात नाण्यांसाठीची मर्यादा अगदी तुटपुंजी असते, आणि बँकेच्या लॉकरमधल्या वस्तूंना बँकेच्या ठेवींसारखं सरकारी संरक्षण नसतं.

यापुढे घ्यायची झाली तर स्लॅबमधलीच घ्या, पण स्लॅब पाहूनही थांबू नका. बनावट स्लॅबही निघाले आहेत, आणि त्यांवर खऱ्या नाण्याचा नंबर छापलेला असतो. कंपनीच्या संकेतस्थळावर नंबर घाला आणि तिथला फोटो तुमच्या हातातल्या नाण्याशी डाग-ओरखड्यांसह जुळवून पाहा. नुसता नंबर सापडला म्हणजे झालं नाही.

शेवटी पाटल्या. पत्नीचं म्हणणं तुम्ही पत्रात जरा घाईनं बाजूला सारलं आहे असं मला वाटलं. लेकीच्या लग्नात हे सोनं उपयोगी पडावं, ही इच्छा अगदी रास्त आहे. फक्त अस्सल नाणं वितळवू नका. अगदी साधं १९०४ही अखंड विकलं तर निदान सोन्याची किंमत देतं, बहुधा थोडी जास्तच. त्या पैशांत पाटल्या विकत घेणं कधीही फायद्याचं. पण तज्ज्ञांनी बनावट ठरवलेलं नाणं असेल तर मोडायला ते सर्वांत योग्य. माहीत असताना ते खरं म्हणून विकणं हा गुन्हा आहे, आणि लॉकरमध्ये ठेवलं तर कधी तरी कुणाच्या तरी हाती खरं म्हणून जाणारच. वीस डॉलरच्या एका नाण्यातून तीस ग्रॅम शुद्ध सोनं निघतं. त्याच्या पाटल्या होऊ द्या.

निकालाला काही आठवड्यांपासून काही महिने लागू शकतात आणि लग्न पुढच्या वर्षी आहे. तेव्हा या शनिवारी वही घेऊन काकांकडे जा, आणि पुढच्या आठवड्यात ती दोन नाणी पाठवा.